मुक्या समुद्रातली होडी

१४ ऑक्टोबर २०१८

नकाशा परत आला! फ्रेनी मॅडमचा मेसेज, नेमका दुकानात गर्दी असताना — "शितल, सगळं बरोबर आहे, पण मेलेलं आहे." पुढे एक हसरा चेहरा. मेलेल्याला हसरा चेहरा कशाला?

आठवडाभर डोळे फोडून काढला होता. सात राज्यं, त्यांचे डोंगर, नद्या, किल्ले आणि एक मोठा समुद्र. सगळं मॅडमच्या डोक्यातलं. असा देश कुठेच नाही. त्या मुंबईला पटावरचे खेळ बनवतात, इथे डहाणूला त्यांची चिकूची वाडी आहे. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या होत्या, एका वाया गेलेल्या कागदावर मी काढलेली झाडं बघितली आणि काम दिलं. नाहीतर माझ्या नशिबात आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर, दिवसभर तेच.

संध्याकाळी फोन केला त्यांनी. म्हणाल्या, "तुझ्या देशात ऊन कुठून येतं ते सांग मला. प्रत्येक डोंगराची सावली वेगळ्या बाजूला पडलेली आहे." बघितलं तर खरंच. माझ्या देशाला सात राज्यं आणि सात सूर्य. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण डोळ्याला खुपतं.

१६ ऑक्टोबर

सगळे डोंगर पुन्हा काढले. ऊन वरून डावीकडून — एकदा ठरवलं की ठरवलं. उजव्या अंगाला बारीक रेघा, माथ्याला दाट, पायथ्याला विरळ. डोंगर उठून उभे राहिले. एवढीशी गोष्ट होती. माझाच राग आला मला.

नद्यांचंही तेच. मी सगळीकडे एका जाडीची नदी ओढली होती, बैलाच्या दोरीसारखी. डोंगरात ती केसाएवढी हवी, समुद्राशी रुंद. कासाच्या पुलावरून सूर्या नदी किती वेळा बघितली, आणि हे सुचू नये.

२० ऑक्टोबर

आई भात पाखडून आत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. तिने असं मागे उभं राहिलेलं मला खपत नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्या वाटंवर कोणीच नाय?"

मी म्हटलं, नकाशा आहे, नकाशात माणसं नसतात.

"मंग वाट पडली कशी?"

 तिने बांबूची काडी घेतली, टोक दातांनी चावून मऊ केलं, माझ्या शाईत बुडवलं आणि वाटेवर एक बाई काढली. दोन त्रिकोण, टोकाला टोक, डोक्यावर मोळी. तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी नाही. तिच्या मागे एक पोर, जरा मागे पडलेलं. मग माझ्या जंगलाकडे वळली. मी झाडं एकेक सुटी काढली होती, शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी. तिने मधल्या जागा भरून काढल्या, दोन झाडं वाकडी केली, एकाची फांदी मोडली. "वारा लागतो झाडाला," म्हणाली. शेवटी एका घरातून धूर काढला. सगळ्या गावात एकाच घरातून.

आईचा हात आमच्या चार पाड्यांत नावाजलेला आहे. लग्नाचा चौक भिंतीवर तिनेच काढायचा, हे ठरलेलंच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. तो हात माझ्यात आला नाही. मी पट्टी लावून रेघ मारते.

२३ ऑक्टोबर

मॅडमचा मेसेज — "आता इथे कोणीतरी राहतं." आईला वाचून दाखवला. म्हणाली, "राहतंच ना."

२८ ऑक्टोबर

आज समुद्र केला. किनाऱ्याच्या बाहेरून किनाऱ्यासारखीच वळणारी एक रेघ, अगदी चिकटून. दुसरी जरा लांब. तिसरी आणखी लांब आणि मध्ये मध्ये तुटलेली. मॅडमनी सांगितलेली युक्ती आहे. कोऱ्या कागदाचं पाणी झालं! खूश होऊन चहा टाकायला उठले.

परत येते तर समुद्रात होडी. आईने काढलेली. एक शीड, एक माणूस उभा, हात कपाळावर धरून किनाऱ्याकडे बघतोय. मी विचारलं, कोणाची होडी? तिने काडी धुतली आणि भाकऱ्या करायला बसली.

मला काय माहीत नाही, कोणाची ते? बाबा गेल्या वर्षी गणपती झाल्यावर वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. आमच्याकडचे खूप जण जातात. डिसेंबरात वादळ आलं, बाकीच्या बोटी किनाऱ्याला लागल्या, बाबांची लागली नाही. माणूस नाही, फळी नाही, काही नाही. कोणी म्हणतं बुडाली, कोणी म्हणतं वाऱ्याने हद्दीपलीकडे पाकिस्तानात गेली आणि सगळे तिकडच्या तुरुंगात आहेत. आईने तुरुंग धरून ठेवलाय. तुरुंगातली माणसं सुटतात, असं तिचं म्हणणं. चिमण नावाच्या माणसाची बायको आहे ती, विधवा नाही — असं तोंडाने कधी बोलली नाही, पण बांगड्या उतरवल्या नाहीत आणि लग्नाला बोलावलं की जाते.

मी काय धरलंय ते मी इथेही लिहिणार नाही.

३१ ऑक्टोबर

मॅडम — "बाकी सगळं सुंदर, होडी फक्त काढून टाक."

फोन करून समजावलं त्यांनी. त्यांच्या खेळात तो मुका समुद्र आहे. त्याला लाटांचा आवाज नाही, त्यात नाव चालत नाही. सोंगटी त्यात पडली की खेळातून बाद. "त्यात गेलेला परत येत नाही, हाच तर मेन रूल आहे ना, शितल. होडी दिसली तर मुलं विचारतील, मग आम्ही का नाही जायचं?" चूक काहीच नाही त्यांचं. त्यांना बाबांचं माहीत नाही. मीही सांगितलं नाही. सांगून काय, त्यांनी नियम बदलायचा?

ब्लेडने शाई खरवडली. हळूहळू, ब्लेड आडवं धरून. कागद तिथे फुलला, नखाच्या पाठीने घासून बसवला, वरून लाटेची एक तुटकी रेघ. कळत नाही आता. म्हणजे माहीत नसलेल्याला कळत नाही.

१ नोव्हेंबर

आईला पहिल्या नजरेत कळलं. "बुडवलीस?" एवढंच म्हणाली.

११ नोव्हेंबर

दुपारी भांडी वाजली. फळीवरचे पेले एकमेकांना लागले, कोंबड्या उडाल्या. मला वाटलं खाणीत सुरुंग लावला. शेजारची सुकी बाहेर येऊन म्हणाली, "रविवारी कोण सुरुंग लावील?" तलासरीकडे जास्त झालं म्हणतात. भूकंप! आमच्याकडे! आजवर शाळेच्या पुस्तकात होता.

२४ नोव्हेंबर

परत हललं. परवाही. भाताची मळणी अर्धी राहिलीये, लोक खळ्यातच झोपतात.

३ डिसेंबर

वर्ष झालं.

आमच्या अंगणात चार माणसं येऊन बसली. पाड्यातलीच, वाईट कोणी नाही. खोकत होती, विषय काढत नव्हती. मग जमनाने काढला. आमच्या वरच्या अंगाला घर तिचं, तोंड फटकळ, पण आमची गाय अडली तेव्हा रात्रभर बसलेली तीच. म्हणाली, "जयवंती, वरीस झाला. पिठाचा पुतळा करा, दिवस घाला. त्याच्या जीवाला पण वाट मोकळी होईल."

आई नाचणी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जित्या माणसाचा दिवस घालतात काय?"

"जिता हाय हे कोणी सांगितलं?"

"मेला हे कोणी सांगितलं?"

संपलं. चहा पिऊन गेले. मी सगळ्यांना कप दिले, गोळा केले, धुतले. आईच्या बाजूने एक शब्द बोलले नाही आणि त्यांच्या बाजूनेही नाही. खरं सांगायचं तर जमना बोलत होती तेव्हा मला हलकं वाटत होतं. कोणीतरी एकदा संपवून टाकावं असं वाटत होतं. मग आईचा चेहरा बघितला आणि जमनाचा गळा धरावासा वाटला.

२० जानेवारी २०१९

सुकीच्या पोरीच्या, निर्मलाच्या लग्नाचा चौक आज झाला. होणारच नव्हता!

सकाळी आई पीठ भिजवून, काडी घेऊन गेली, मी बरोबर. भिंत सारवलेली, गेरू वाळलेला. तीन सवाशिणी बसलेल्या. जमना दारातच म्हणाली, "हिला नको लावू भिंतीला. नवऱ्याचा पत्ता नाय. सवाशीण नसेल तर पोरीच्या संसाराला बाधा." आमच्यात चौक सवाशिणींनीच काढायचा, त्यात देवी बसते. नवरा गेलेल्या बाईने त्या भिंतीला हात लावायचा नाही. सुकी रडायच्या बेताला आली. तिला आईचा हात पण हवा आणि भीती पण वाटते. जमना मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या उमेशचं पण लगीन हाय चैत्रात. भीती वाटते म्हणून बोलते मी, वैर नाय."

बुधी म्हातारी कोपऱ्यात पान खात होती. ती धवलेरी आहे, लग्नाची गाणी म्हणणारी, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. तिचा शब्द शेवटचा. तिने आईला जवळ बोलावलं. "खबर आली काय गं तुला?" आई म्हणाली, नाय. "तुझ्या मनात काय हाय?" आई म्हणाली, "हाय तो." बुधी म्हणाली, "मंग काढ. खबर आली की तूच थांबशील, तुला कोणी थांबवायला नको."

आईने काढला. मी बघत राहिले. पट्टी नाही, खूण नाही. आधी बाहेरची चौकट, मग किनार, एकेक ओळ आत आत. मनगट भिंतीला टेकत नव्हतं, श्वास रेघेबरोबर सोडत होती. झाडाची फांदी काढताना ओठ हलत होते. तिथे ती माझी आई वाटत नव्हती, कोणीतरी मोठी बाई वाटत होती.

घरी येताना म्हटलं, ही किनार मॅडमच्या नकाशाला लावू? काय शोभेल! चालता चालता थांबली. "ती देवीची किनार. खेळाला नाय द्यायची. तुला दुसरी देते." आणि खरंच दिली — शेताच्या बांधावर असतं तसं गवत, त्यात मध्ये मध्ये खेकडे. मॅडम खेकड्यांवर फिदा.

१ फेब्रुवारी

आज मोठा भूकंप झाला. दुकानात होते. झेरॉक्सचं मशीन पुढे सरकलं, कागदांचे गठ्ठे अंगावर आले. सगळे रस्त्यावर. फोन लागेना. रिक्षा मिळेना. गंजाडच्या फाट्यापासून घरापर्यंत पळत आले. आई अंगणात बसलेली, मांडीवर माझी नकाशाची गुंडाळी! घरातून तेवढीच घेऊन बाहेर आली. भांडी नाही, कपडे नाहीत. मी तिला मिठी मारली आणि ओरडलेही.

आमची कुडाची भिंत हलली आणि पुन्हा उभी राहिली, नुसती माती गळली. सुकीकडे मात्र चौकाच्या भिंतीचा लेप सुटला. आईचा चौक मधून उभा फाटला, अर्धा खाली पडला. निर्मला सासरी सुखरूप आहे, फोनवर बोलली. पण लोक भिंत बघायला येत होते. जमना आली, बघितलं आणि तशीच मागे फिरली. 

आईने पडलेल्या मातीचे तुकडे टोपलीत भरले आणि ओढ्यात सोडून आली. देवीचं पायाखाली येऊ नये म्हणून.

६ फेब्रुवारी

ताडपत्रीखाली राहतोय. थंडी मरणाची. जमनाची ताडपत्री आमच्याला लागून, मध्ये एकच चूल. तिची सासू खोकून बेजार, आई तिची छाती शेकते. कोणी कोणाला विधवा-सवाशीण विचारत नाही. जमीन हलली की सगळ्या एकमेकींचे हात धरतात.

१७ फेब्रुवारी

शेवटचा, मोठ्या कागदावरचा नकाशा झाला होता. झाला होता! आता नाही.

शाई काल पूर्ण केली. नावं पट्टीवर सरळ न लिहिता नदीच्या वळणाने लिहिली, डोंगररांगेची नावं रांगेसारखी पसरून. एका राज्याचा कोपरा मुद्दाम मोकळा ठेवला. सगळं भरलं की डोळ्याला बसायला जागा राहत नाही. आज चहाचं पाणी दिलं, कागद जुना दिसावा म्हणून. आई म्हणाली, "नव्याला जुना कशाला करतेस? होतोच की." दोरीवर वाळत घातला, दुकानात गेले.

आले तर चहाच्या रंगावर, मुक्या समुद्रात, होडी. तोच माणूस, तोच हात कपाळावर.

माझा तोल गेला. म्हटलं, किती वेळा सांगायचं, या समुद्रात होडी नाही! ती म्हणाली, "कागद एवढा मोठा, होडी एवढीशी." मी म्हटलं, "बाबा नाही येणार. सगळ्यांना कळतं, तुला एकटीला कळत नाही." बाजूच्या ताडपत्रीत जमनाचा आवाज बंद झाला. सगळ्यांनी ऐकलं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू नको काढू. मी काढते. तू फक्त पुसू नको."

मी पुसली. तिच्यासमोर ब्लेड घेतलं आणि खरवडली. आणि शाईबरोबर चहाचा रंगही निघाला. हे आधी सुचायला हवं होतं, एवढं साधं! आता पिवळ्या समुद्रात पांढरा डाग आहे, होडीच्याच आकाराचा. चहा परत लावला तर कडेने काळी रेघ आली. आधीपेक्षा जास्त दिसते. पूर्ण कागद फुकट. पुन्हा पहिल्यापासून.

१८ फेब्रुवारी

बोलत नाही आम्ही.

४ मार्च

मॅडमनी मार्चअखेरपर्यंत थांबते म्हटलं. रोज थोडं काढते. डोंगर आता न बघता जमतात. आई झाडं करून देते, माणसं करून देते, बोलते मात्र कामापुरतं. समुद्राकडे गेली नाही अजून. मीही समुद्र शेवटी ठेवलाय. 

२३ मार्च

होळी झाली. पाड्यावर बाहेरगावी गेलेले सगळे आले. सुकी सांगत होती, परवा दुपारी मी दुकानात असताना लक्ष्या आमच्याकडे आला होता. तलासरीकडचा, बाबांच्या बाजूच्या बोटीवर होता तो. वादळानंतर एकदाही इकडे फिरकला नव्हता. सुकी म्हणाली, "घराच्या मागं बसली होती दोघं. त्याला पाणी दिलं तर पितच नव्हता."

आईला विचारलं. "होळीला आला होता, भेटून गेला." काय म्हणाला? "काय म्हणणार, धंद्याचं." आणि ताट धुवायला घेतलं. धुतलेलंच होतं ते.

२४ मार्च

आई जेवली नाही. पोट बरं नाही म्हणते.

२६ मार्च

समुद्र पूर्ण! सकाळी लाटा घातल्या, चहा दिला, वाळवला. जाताना मुद्दाम आईपुढे ठेवून म्हटलं, काय राहिलं असेल ते घाल. काडी, शाई, सगळं मांडून गेले. दिवसभर दुकानात धाकधूक. ठरवलं होतं, होडी असली तर असू दे. मॅडमना सांगून टाकायचं सगळं. त्यांना बदलायचा तर बदलू दे नियम, नाहीतर नकाशा परत घ्यायचा.

आले. होडी नाही!

वाटेवरच्या बाईला तिने एक कुत्रा दिलाय. राजधानीच्या मागे वाघ बसवलाय. खेकडे सगळे जागेवर. समुद्रात काही नाही, नुसत्या माझ्या लाटा. तीनदा बघितलं. शेवटी पटलं तिला. ऐकलं एकदाचं माझं. इतकं हलकं वाटलं की मी बडबडत सुटले, मॅडम किती खूश होतील, पुढचंही काम देतील. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती करत नाही कधी.

म्हणाली, "चांगला झालाय नकाशा. बरोबर झालाय."

१४ एप्रिल

जमना आली सकाळी. उमेशच्या लग्नाचा चौक उद्या. हळदकुंकू घेऊन, नीट आमंत्रण द्यायला. म्हणाली, "मागं बोलले ते मनावर घेऊ नको, जयवंती. तुझ्याच हातचा पायजे माला." मला एवढा आनंद झाला! आई उठली नाही. पदर पुढे ओढून घेतला, कुंकवाला कपाळ दिलं नाही.

"दुसरी कोणी बघ," म्हणाली. "माझा हात आता चालायचा नाय."

जमनाच्या हातातलं ताट कलंडलं. ती खाली बसली आणि आईला धरून रडायला लागली. माझ्या आधी तिला कळलं. मग मला होळीला आलेला लक्ष्या आठवला, पाणी न पिणारा.

मॅडम नकाशा स्वतः न्यायला येणार होत्या, अजून आल्या नाहीत, म्हणून तो घरीच आहे. आज समुद्रात होडी काढली. मी. पट्टी न लावता. माणसाचा हात कपाळावर नीट आला नाही, आईचा हात नाही हे लगेच कळतं. राहू दे.